मी फक्त देवालाच सांगितलं होतं

हे तोंड उभ्या आयुष्यात बंद राहिलं असं फार कमी वेळा झालं. प्रार्थना म्हणा, बोध म्हणा, लग्नातलं दोन शब्दांचं भाषण म्हणा, मयताच्या घरचं सांत्वन म्हणा — मला उठवलं की मी बोलले. पण एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. पाळकांना सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला सांगितली नाही. गुडघे टेकून देवाला सांगायला गेले की दर वेळी दुसरंच काहीतरी मागून उठले. आज तुम्हाला लिहून सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही माझे कुणी नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला अजूनही नाही.

साताऱ्यात मिशनच्या कंपाउंडात माझी एक खोली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, मला बायबल-बाईचं काम दिलं. बायबल-बाई म्हणजे खेड्यापाड्यांत जाऊन बायकांत बसायचं, चित्रं उलगडून येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, जमलं तर दोन अक्षरं शिकवायची, कुणाच्या पोराच्या कानात औषध घालायचं. कोरेगाव, रहिमतपूर, त्या बाजूची गावं माझ्याकडे. लोक म्हणायचे, बाई लय ग्वाड बोलत्यात. मला ते ऐकायला आवडायचं. इतकं आवडायचं की पुढे पुढे मी त्याच्यासाठीच बोलायला लागले.

आमच्यात शिकवतात की विश्वासी माणसाच्या बोलण्यात कृपा असावी आणि मीठही असावं. कृपेचा सूर मला जमला होता. मिठाचं कोडं काही सुटलं नव्हतं — खरं सांगू? मिठाऐवजी साखर घातली तरी चालतं, असं मी धरून चालले होते. राग आला की माझा आवाज चढत नसे, उतरत असे. 'बाळा' म्हणून मी सुरुवात केली की कंपाउंडातल्या पोरी ओळखायच्या, आता काहीतरी लागणार. पण तक्रार करणार काय? बाई काय म्हणाल्या, तर 'बाळा' म्हणाल्या. ओठात एक, पोटात एक म्हणतात ना, तशी मी होते. आणि तसं मला कुणी कधी म्हणालं नाही, ही माझी सगळ्यात मोठी कमाई.

बहात्तरच्या दुष्काळाआधी वर्षभर सगुणा माझ्या हाताखाली आली. तिचा नवरा शमुवेल आमच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मनमिळाऊ, बडबड्या, संध्याकाळी पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात कॅरम खेळणारा माणूस. सगुणा कुंडलची. बापानं बाप्तिस्मा घेतलेला, आईनं शेवटपर्यंत घेतला नाही, ती आपली गावच्या देवीला धरून. सगुणाला एकच पोरगा, प्रकाश, तेव्हा तीन-चार वर्षांचा. ती शिकलेली बेताची, आणि बोलणं? बोलणं म्हणजे वाटेतला दगड. कुणालाही आहे तसं तोंडावर. मला वाटलं, हिला शिकवायला हवं. मी शिकवायला घेतलंही. 'सगुणा, जरा हळू बोल गं बाळा,' असं दर दोन दिवसांनी.

एकदा रहिमतपूरजवळच्या एका वस्तीवर गेलो. त्या घरची सून बाळंत झालेली, तिसरी मुलगी. सासूनं त्या सुनेला असं टाकलं होतं की विचारू नका. बाळंतीण बाई, आणि पुढ्यात शिळी भाकरी न् पाणी. मी सासूला समोर बसवून छान बोलले. लेकरू ही देवाची देणगी, मुलगा काय मुलगी काय, वगैरे. सासूबाईंनी मान डोलावली, आम्हाला चहा दिला, आणि सुनेपुढची शिळी भाकरी तिथंच राहिली. सगुणा उठली. सरळ चुलीपाशी गेली, भांडी उघडून बघितली आणि परत येऊन दारात फतकल मारून बसली. म्हणाली, "आवं मावशी, तुमी बी बाईच्याच पोटच्या न्हवं? हिला आज गरम भात आन् तूप मिळंस्तवर मी हितनं उठायची न्हाई." आणि खरंच उठली नाही. सासू आधी चिडली, मग पुटपुटली, मग मुकाट्यानं तांदूळ धुवायला लागली. भात शिजेपर्यंत सगुणा त्याच सासूच्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आमची शेवटची गाडी चुकली आणि पाच मैल चालावं लागलं. मला गाडी चुकल्याचा राग आला, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या खेपेला मी एकटीच गेले. ती सासूच दारात आली, माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, ती मोठ्यांदा बोलणारी बाई न्हाई आली व्हय? मग दुसऱ्या वस्तीवर तेच. मग तिसऱ्या. मी गोष्ट सांगत असायची आणि बायका मधेच विचारायच्या, त्या बाई कवा येणार? त्यांची सासू, त्यांचा नवरा, त्यांचं दुखणं, सगळं त्यांना सगुणालाच सांगायचं असे. बारा वर्षं मी त्या धुळीतून पाय घासले होते. मला कुणी कधी काय सांगितलं होतं? बाई लय ग्वाड बोलत्यात, एवढंच.

हेवा. एवढासा शब्द आहे, लिहायला वर्षं लागली.

त्याच सुमाराला रहिमतपूरला राहून काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाई थकल्या आणि ती जागा रिकामी झाली. कायमची जागा, राहायला दोन खोल्या. मंडळीच्या पंचांच्या मनात सगुणाला तिथं नेमायचं होतं. मला तिथं जायचं होतं का? नव्हतं. साताऱ्याची खोली मला बरी होती. पण मला न विचारता तिचं नाव निघालं, हे मला टोचलं. मग रीतीप्रमाणं मला विचारलंही. मी म्हणाले, मुलगी गुणी आहे, फक्त जरा कच्ची आहे, पण देव तिला घडवील. त्या 'फक्त'वर माझी भिस्त होती. पंचांनी ते ऐकलं, हसले आणि सगुणाचं नाव जवळजवळ पक्कं केलं.

आणि त्याच महिन्यात तिनं मला ती गोष्ट सांगितली.

रहिमतपूर फाट्यावर आम्ही गाडीची वाट बघत होतो. भर दुपार, झाडाखाली आम्ही दोघीच. सगुणानं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, बाई, मला जागा देत्यात, पर माझ्या पोटात एक गोष्ट हाय. दुष्काळाच्या साली प्रकाशला ताप भरला होता, तो मला आठवत होता. एकवीस दिवस उतरला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते, आम्ही सगळ्यांनी कंपाउंडात साखळी प्रार्थना केली होती. त्यातच सगुणा पोराला घेऊन आठ दिवस माहेरी गेली आणि येताना पोरगा चालत आला. मंडळीत उपकारस्तुती झाली होती, मीच केली होती. आता ती सांगत होती की तिच्या आईनं पोराला उचलून गावच्या देवीपुढं नेलं, नारळ फोडला, अंगारा लावला, दंडाला दोरा बांधला. सगुणा बरोबर गेली होती. हात जोडून उभी राहिली होती. दोरा तिनं साताऱ्याला यायच्या आदल्या दिवशी कापून मातीत पुरला. शमुवेलला तिनं आल्या आल्या सांगितलं होतं, तो म्हणाला होता, झालं ते झालं, पोरगा वाचला ना, आता तोंड उघडू नकोस.

मग तिनं मला विचारलं, देवानं मला माफ केलं असंल का?

मी तिचा हात हातात घेतला. केलं असेल, म्हणाले. आणि हे माझ्या पोटात राहील, असंही म्हणाले. मला वाटतं, त्या क्षणी ते खरं होतं. गाडी येईपर्यंत तरी.

आता आमच्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर शुक्रवारी दुपारी मी पाळकीणबाईंकडे जायची. पाळकसाहेबांची बायको, मोठ्या मनाची बाई. आम्ही दोघी त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर गुडघे टेकायचो आणि मंडळीतल्या अडल्यानडल्यांसाठी आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायचो. नियम एकच, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ती चहाडी. नाव नाही घेतलं की ते प्रार्थनेचं ओझं. 'एक भाऊ दारूच्या नादी लागलाय, प्रभू', 'एका घरात सासू-सुनेचं पटत नाही, प्रभू' — अशा आमच्या प्रार्थना. एवढ्याशा कंपाउंडात भाऊ कोण न् घर कुठलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण डोळे मिटलेले असत ना. डोळे मिटून बोललं की ते देवाशी बोलणं.

त्या शुक्रवारी माझी पाळी आली. मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणाले, "प्रभू, आमची एक बहीण आहे. तू तिला सेवेला बोलावतो आहेस. पण लेकराच्या दुखण्यात तिचा पाय घसरला, ती आईचं ऐकून परक्या देवापुढं उभी राहिली. तिला उघडं पाडू नकोस, प्रभू. तिला जप."

तिला उघडं पाडू नकोस. असं म्हणाले मी.

पाळकीणबाईंचा श्वास थबकलेला मला ऐकू आला. सेवेला बोलावणं आलेली, लेकरू आजारी पडलेली, आई अजून हिंदू असलेली अशी बहीण साताऱ्यात किती होत्या? एकच होती. आणि ते माहीत असूनच मी एकेक शब्द मोजून ठेवला होता. आमेन झालं. पाळकीणबाई उठून आत गेल्या. त्यांनी पोहे केले होते, ते आम्ही खाल्ले, आणि पोह्यांत शेंगदाणे जास्त पडले यावर हसलोही.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त देवाला सांगितलं होतं. शेजारी पाळकीणबाई गुडघे टेकून होत्या, त्याला मी काय करणार? असं मी स्वतःला किती वर्षं समजावलं, ते विचारू नका.

पंधरा दिवसांत पंचांनी सगुणाला बोलावलं. असं असं कानावर आलंय, खरं का? ती लगेच हो म्हणाली. जागा गेली. सहा महिने प्रभुभोजनाची भाकर न् द्राक्षरस बंद, आणि एका रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मंडळीपुढं उभं राहून कबूल करायचं असं ठरलं. त्या रविवारी मी पुढच्या बाकावर होते. सगुणा उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय, म्या केलं. पोरगं मरत हुतं." आणि खाली बसली. पंचांना याहून जास्त हवं होतं. थोडं रडणं, थोडा पश्चात्ताप. तिनं दिलं तेवढंच दिलं. कबुली कशी द्यायची असते ते मी त्या दिवशी बघितलं, आणि तरी बघा, मला इतकी पानं लागतायत.

उपासना संपल्यावर मी तिला सगळ्यांदेखत कवेत घेतलं. म्हणाले, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय गं. हे अगदी खरं होतं. शपथेवर सांगते, त्या अख्ख्या देवळात याहून खरं वाक्य कुणी बोललं नसेल.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात आलं होतं. नाही कशाला म्हणू? पण सुंठ उगाळली मीच होती.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, झालं, हाच तो दोष. हेव्यानं बोलून गेली बाई, माणसाच्या हातून होतं. नाही हो. मी सांगायला बसले ते हे नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून रडून मोकळी झाले असते.

पुढच्या आठवड्यात सगुणा माझ्या खोलीवर आली. दुपार होती, मी सुपात तांदूळ निवडत होते. ती समोर बसली, न विचारता खडे वेचायला लागली. चेहरा ओढलेला. रहिमतपूरच्या जागेबद्दल एक शब्द बोलली नाही. तिला वेगळंच खात होतं. म्हणाली, "बाई, तिघांनाच ठावं हुतं. आई, ह्यो आन् तुमी. आई तर तिकडं कुंडलला. आन् तुमी काय, देवमाणूस. मंग ह्यानंच सांगितलं न्हवं?"

शमुवेलला तिचं गावोगाव हिंडणं फारसं पसंत नव्हतं. घरी पोरगं आहे, नोकरी कशाला, असं तो बोलून दाखवायचा. त्यात रोज पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बसणारा. तिचा संशय उगाच नव्हता. पण तो अजून नुसता संशय होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला मी 'नाही' म्हणायला हवं होतं. ती तेच ऐकायला आली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एक शब्द पुरला असता. 'नाही.' किंवा दोन. 'मी सांगितलं.' काय झालं असतं? तिनं मला शिव्या घातल्या असत्या. कंपाउंडभर झालं असतं. गोड बोलणारी बाई म्हणून जे नाव होतं ते मातीत गेलं असतं. बस, एवढंच झालं असतं.

मी सूप खाली ठेवलं. तिच्या हातावर हात ठेवला. आवाज उतरवला. आणि म्हणाले, "क्षमा कर त्याला, सगुणा. माणूस दुबळा असतो."

बघा. यात खोटं काय आहे? त्यानं सांगितलं, असं मी म्हणाले का? नाही. माणूस दुबळा असतो, खरंच आहे. क्षमा करावी, तेही खरंच आहे. कुठल्याही देवळात उभं राहून म्हणावं असं वाक्य. पण क्षमा कर म्हटलं, म्हणजे त्यानं केलं. तिनं तेच घेतलं आणि तिनं तेच घ्यावं म्हणून मी ते बोलले होते. केसानं गळा कापणं म्हणतात, ते असं. आणि गळा तिसऱ्याच माणसाचा, जो त्या वेळी दवाखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसला असेल.

हातातला खडा तिनं दाराबाहेर टाकला आणि गेली. मी उरलेले तांदूळ निवडून घेतले.

त्या घरात पुढं काय झालं ते मला सगुणाच येऊन सांगायची. दुसरं कोण होतं तिला? शमुवेलनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिचा विश्वास बसला नाही. मग तो म्हणाला, तिघांनाच तर ठाऊक होतं, मी नाही, तुझी आई नाही, मग तूच बघ कोण राहिलं. त्यावर ती जास्तच बिथरली. स्वतः केलं ते केलं, आणि आता त्या देवमाणसाच्या माथी मारतोय, म्हणाली. बाईंचं नाव घेताना तुझी जीभ झडली कशी नाही, असं त्याला विचारलं म्हणाली. मी हे सगळं ऐकलं. चहा ठेवला. म्हणाले, रागात माणूस काहीही बोलतो, मनावर घेऊ नकोस.

असा माझा चांगुलपणा त्याच्या आड आला. तो खरं सांगत होता, आणि खरं सांगितल्यामुळंच तो तिच्या नजरेतून कायमचा उतरला.

दोनेक महिन्यांनी ती प्रकाशला घेऊन कुंडलला आईकडं गेली. शमुवेलनं सातारा सोडलं, सांगलीत एका खाजगी डॉक्टरांकडं नोकरी धरली. जायच्या आधी तो माझ्या दाराशी आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, "बाई, मी सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं नाही." आणि थांबला. तिसरं नाव त्यानं घेतलं नाही. थांबून माझ्याकडं बघत राहिला. मी घ्यावं म्हणून. त्यानं मला शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "देव सगळं जाणतो, शमुवेल." त्यानं मान हलवली आणि चप्पल घालून निघून गेला. तेही वाक्य खरं होतं ना? माझी सगळी वाक्यं खरी असतात.

शहात्तरच्या सुमाराला मंडळीनं मला सांगलीला मुलींच्या वसतिगृहावर पाठवलं. तिथल्या देवळात शमुवेल दिसायचा. मागच्या बाकावर. पोक आलेलं, कॅरम नाही, बडबड नाही. शेवटचं गाणं सुरू झालं की निघून जायचा, दारात कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. एकदा मी बोध केला होता, विषय होता जिभेवर ताबा. हसू नका. मला विषय दिला होता, मी तो केला, आणि लोकांनी चांगला झाला म्हणून सांगितलं. तो त्या दिवशी अर्ध्यातून उठून गेला.

सगुणा अधनंमधनं वसतिगृहावर यायची. कुंडलला ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, पोराला शाळेत घातलं होतं. नवऱ्याला भेटायची नाही. पण येताना दर वेळी त्याची चौकशी करायची — खातो का, तब्येत बरी हाय का. मी म्हणायचे, बरा आहे. तिला त्याच्याकडं जायचं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की त्यानं एकदा कबूल करावं. एकदा व्हय म्हनूदे बाई, मी लगीच जाती, असं ती म्हणायची. तो न केलेलं कबूल करणार कसं? सहा-सात वर्षं दोघं जण एका शब्दासाठी अडून बसले, आणि तो शब्द माझ्याकडं होता. मी तिला शेव-चिवडा बांधून द्यायची आणि स्टँडपर्यंत सोडायला जायची.

मग एकोणऐंशीला त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी कुंडलला निरोप धाडला. सगुणा पहिल्या गाडीनं आली. आधी नवऱ्याकडं नाही गेली, आधी माझ्याकडं आली. बाई, तुमी चला संगं, मला एकटीला सुदरायचं न्हाई, म्हणाली. मी गेले. का गेले? नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून.

दवाखान्यात सकाळची झाडलोट चालली होती. तो खाटेवर होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. सगुणाला बघितल्याबरोबर त्याच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. ती खाटेच्या कडेला बसली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि तिच्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रडू नगंस. आता काय बी सांगाया नगं. म्या तुला माफ केलंय. कवाच केलंय, बाई म्हनल्या हुत्या तसं."

त्याच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. तो मान हलवत होता — नाही, नाही, अशी. परत परत. सगुणाला वाटलं, तो म्हणतोय, मी माफीच्या लायकीचा नाही. ती त्याला थोपटायला लागली. मग त्यानं डावा हात उचलला. उचलायला त्याला फार कष्ट पडले. तो हात त्यानं माझ्याकडं केला आणि तसाच धरून ठेवला. बोट माझ्याकडं. डोळे माझ्याकडं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आमच्यात चार हातांचं अंतर नसेल. सगुणानं त्याच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, "बाई, प्रार्थना करा म्हनतोय."

आता तुम्हीच सांगा, याहून मोठा दरवाजा देवानं कुणासाठी उघडला असेल? तो समोर जिवंत होता. ती समोर होती. तो बोलू शकत नव्हता, मी बोलू शकत होते. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं मी?

मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. तोडकीमोडकी नाही. चांगली लांब, सुरात, शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनीही हात जोडले अशी. तुटलेलं घर तू जोडलंस म्हणून आभार मानले. क्षमा करणाऱ्या बायकोबद्दल आभार मानले. आणि नवऱ्याच्या पश्चात्तापाच्या आसवांबद्दलही मानले. हो, तेही म्हणाले. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा त्याचा हात खाली पडलेला होता आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

सगुणानं त्याला कुंडलला नेलं. आठ महिने त्याचं सगळं काढलं, अंथरुणावरचं. लेकराला भरवावं तसं भरवलं. तो गेला तेव्हा मयतीला मी बोलावं अशी तिची इच्छा होती, आणि मी बोलले. आपल्या चुकीला क्षमा मिळालेला माणूस, असं मी त्याच्याबद्दल म्हणाले. सगुणा ढसाढसा रडली. रडून झाल्यावर माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी तिला वाकू दिलं.

या सगळ्याला किती वर्षं झाली. सगुणा अजून कुंडललाच आहे. प्रकाश मिलिटरीत गेला, त्याला आता मुलं आहेत. आजोबा कसे होते, असं त्या मुलांनी विचारलं तर ती काय सांगत असेल, ते मला ठाऊक आहे. माणूस चांगला होता, एकदाच चुकला, असं सांगत असेल.

मी सांगलीत आहे. कुंडलला जायला एष्टीनं दीड तास लागतो. कितीदा तरी स्टँडवर जाऊन परत फिरले, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी स्टँडवरसुद्धा गेलेले नाही. हे तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही.